दोरूच्या मिश्र बागांची रेड वाइन कशी चाखावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅबर्ने, शिराझ, मर्लो ही नावं आता नाशिककडच्या रस्त्यांवरच्या पाट्यांवरही दिसतात. सोझांव, रुफेत, तिंता फ्रांसिस्का ही नावं मात्र बहुतेकांनी ऐकलेली नसतात. पोर्तुगालच्या उत्तरेला दोरू नदीच्या खोऱ्यातल्या जुन्या बागांमध्ये असे कितीतरी वाण एकमेकांत मिसळून लावलेले आहेत. त्यांची द्राक्षं एकत्र तोडतात आणि एकत्रच आंबवतात. अशी बाटली समोर आली की नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. या जुन्या बागांवर माझा जीव आहे आणि काही उत्तरांत तो दिसेल.

दोरू नेमकं कुठे आहे?

नदीचा उगम स्पेनमध्ये. तिथे तिला दुएरो म्हणतात. पोर्तुगालमध्ये शिरून ती पोर्तो शहरापाशी अटलांटिक महासागराला मिळते. द्राक्षांचा मुलूख मात्र किनाऱ्यावर नाही, तो बराच आत, डोंगरांपलीकडे आहे. मारांव पर्वतरांग समुद्रावरून येणारा पाऊस अडवते, त्यामुळे पूर्वेला जावं तशी हवा कोरडी होते आणि उन्हाळा कडक होतो. सह्याद्रीच्या माथ्यावरून खाली पूर्वेला उतरताना जो बदल आपण पाहतो, तसाच हा बदल आहे. पश्चिमेचा थोडा ओला भाग म्हणजे बाइशु कोर्गु, मधला सिमा कोर्गु, आणि स्पेनच्या सीमेकडचा सगळ्यात तापणारा दोरू सुपेरियोर.

जमीन म्हणजे शिस्ट खडक. त्याचे थर उभे चिरफळलेले असतात आणि वेलीची मुळं त्या फटींतून पाणी शोधत खोल जातात. उतार इतके तीव्र आहेत की दगडी बांध घालून पायऱ्या केल्याशिवाय लागवड शक्यच नव्हती. १७५६ साली मार्केस द पोंबाल या मंत्र्याने या प्रदेशाची हद्द आखून दिली आणि सीमेवर ग्रॅनाइटचे दगड रोवले. कायद्याने हद्द ठरलेल्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या वाइन प्रदेशांत दोरू मोडतं. २००१ मध्ये युनेस्कोने इथल्या डोंगरउतारांना जागतिक वारशाचा दर्जा दिला.

एकाच बागेत इतके वाण कशासाठी लावले?

कारण शेतकऱ्याला एका वाणावर वर्षाचा संसार टाकायचा नव्हता. एक वाण फुलोऱ्यात पाऊस आला की गळतो, दुसरा टिकतो. एकाचे घड दाट असतात, दमट हवेत ते कुजतात. दुसऱ्याची साल जाड असते, ते ऊन सोसतात. एकात साखर भराभर चढते पण आंबटपणा उतरतो, दुसरा शेवटपर्यंत आंबट राहतो. बागेत सगळे असले की एखाद्या वर्षी कुणीतरी दगा दिला तरी टाकी भरते. प्रयोगशाळा नव्हती, तापमान राखणाऱ्या टाक्या नव्हत्या, तेव्हा वाइनचा तोल लागवड करतानाच साधावा लागे.

याला आणखी एक कारण घडलं. १८६०च्या दशकात फिलोक्झेरा ही मुळांवरची कीड दोरूत आली आणि बागाच्या बागा उजाड झाल्या. त्यानंतर कीड सोसणाऱ्या अमेरिकन खुंटांवर कलमं करून पुन्हा लागवड झाली. आपल्याकडे डॉगरिज खुंटावर कलम करतात ते मुख्यतः पाण्याची ओढ आणि खारवट जमीन सोसावी म्हणून. तिथे ते किडीपायी करावं लागलं. शेजाऱ्याकडून, नातेवाइकाकडून जी काडी मिळाली ती शेतकऱ्यांनी बांधली. आज ज्या बागा ऐंशी-शंभर वर्षांच्या आहेत, त्यांत म्हणूनच वीस, तीस, कधी चाळीसहून अधिक वाण सापडतात. किंता दु क्राश्तु या घराण्याकडे मारिया तेरेझा नावाची शंभरी ओलांडलेली बाग आहे. तिथे वेलीगणिक वाणाची ओळख पटवण्याचं काम झालं आहे, म्हणजे एखादी वेल मेली तर तिच्या जागी त्याच वाणाचं कलम बसवता येतं. हे काम मला फार मोलाचं वाटतं.

यातले मुख्य वाण कोणते आणि वाइनमध्ये ते काय आणतात?

सगळ्यांची जंत्री देण्यात अर्थ नाही, कारण दोरूत परवानगी असलेल्या वाणांची संख्याच शंभरावर आहे. चाखताना उपयोगी पडतील तेवढे सांगतो.

तुरिगा नासिओनाल हा सगळ्यात नावाजलेला. मणी बारीक, उत्पन्न कमी, साल रंगाने आणि टॅनिनने, म्हणजे तोंड आक्रसवणाऱ्या तुरट द्रव्याने, भरलेली. त्याचा सुगंध फुलांचा असतो आणि त्याला लिंबूवर्गीय किनार असते. अर्ल ग्रे चहात बर्गमॉटचा वास येतो, त्याच्या जवळ जाणारा. दोन्हींत लिनालूल हे सुगंधी द्रव्य आढळतं. २०२१ मध्ये फ्रान्सच्या बोर्दो या वाइन प्रदेशानेही हवामानबदलाला तोंड देण्यासाठी ज्या मोजक्या नव्या वाणांना परवानगी दिली, त्यांत हा एक होता.

दोरूत सर्वांत जास्त लागवड मात्र तुरिगा फ्रांकाची. उशिरा पिकतो, ऊन सोसतो, काळ्या फळांचा भरदारपणा आणि पक्का कणा देतो. तो तुरिगा नासिओनाल आणि मारुफु यांचा नैसर्गिक संकर असल्याचं जनुकीय तपासणीतून पुढे आलं. तिंता बारोकाही त्याच दोघांच्या कुळातला, पण स्वभाव निराळा. तो लवकर गोडावतो, मऊ असतो, आणि कडक उन्हात त्याचे मणी सुकतात. म्हणून त्याला थंड, उत्तरमुखी उतारावर जागा देतात.

तिंता रोरिश म्हणजे स्पेनचा टेंप्रानिओ. नाशिककडे टेंप्रानिओची वाइन प्यायली असेल तर हा तुमच्या ओळखीचा निघेल. तिंतु कांव हा फार जुना वाण, उत्पन्न इतकं कमी की तो जवळजवळ नाहीसा झाला होता. तो आंबटपणा आणि नाजूक सुवास टिकवून धरतो.

सोझांववर जरा थांबायला हवं. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर पांढुरका असतो आणि रंग सालीतून येतो. सोझांवच्या गरातही रंग असतो. शिवाय तो कडक आंबट. एकट्याने बनवलेली त्याची वाइन पहिल्यांदा पिणाऱ्याला झेपत नाही, पण उष्ण वर्षी मिश्रणात त्याचा थोडा वाटा असला तरी वाइन जिवंत वाटते. रंगीत गराच्या द्राक्षाची आपल्याकडेही ओळख आहे : पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राने विकसित केलेला, रसासाठीचा मांजरी मेडिका हा वाण तसाच आहे. त्याचा एक जनक पुसा नवरंग.

उरलेले म्हणजे रुफेत, तिंता फ्रांसिस्का, बाश्तार्दु (हाच फ्रान्सच्या ज्यूरा भागातला त्रूसो), तिंता आमारेला, दोंझेलिन्यु. पहिले तीन रंगाने फिकट आणि सुगंधी. तिंता आमारेलात हिरव्या पालापाचोळ्याचा, औषधी वनस्पतींचा वास येतो. काही जुन्या बागांत पांढऱ्या द्राक्षांच्या वेलीही असतात आणि त्यांची द्राक्षं लाल वाइनच्याच टाकीत जातात.

वेगवेगळ्या वाइन नंतर एकत्र करणं आणि द्राक्षंच एकत्र आंबवणं, यात चवीला फरक पडतो का?

पडतो, आणि माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे.

बोर्दोच्या पद्धतीत प्रत्येक वाण वेगळा तोडतात, वेगळा आंबवतात आणि काही महिन्यांनी चाखून प्रमाण ठरवतात. कुठला घटक किती घ्यायचा हे वाइनमेकरच्या हातात राहतं. जुन्या मिश्र बागेत हा हात आधीच आखडलेला असतो. बाग एकाच दिवशी, फार तर दोन-तीन टप्प्यांत तोडली जाते. त्या दिवशी बाश्तार्दु अतिपक्व झालेला असतो, तुरिगा फ्रांका नुकता तयार झालेला असतो, एखादा वाण अजून किंचित कच्चा असतो. अतिपक्व मणी जामसारखा गोडसर वास देतात, कच्चे मणी आंबटपणा आणि हिरवी धार देतात. तोडणीचा दिवस निवडणं हाच इथे वाइनमेकरचा सगळ्यात मोठा निर्णय.

टाकीतही काही घडतं. सालीतला रंग, म्हणजे अँथोसायनिन, एकटा असला की लवकर उडतो. दुसऱ्या वाणांच्या सालींतली काही रंगहीन द्रव्यं त्याला बिलगली की तो अधिक गडद होतो आणि टिकतो. पांढऱ्या द्राक्षांचा थोडा अंश इथे कामी येतो. ही जोडणी आंबवणाच्या पहिल्या दिवसांत सुरू होते, म्हणून नंतर मिसळलेल्या वाइनमध्ये ती तशीच साधत नाही.

जुन्या पद्धतीत हे सगळं लागार नावाच्या उथळ दगडी हौदात होतं. माणसं रांगेत उभी राहून पायांनी द्राक्षं तुडवतात. पायाने साल फाटते पण बी फुटत नाही, आणि बीमधला कडवट तुरटपणा रसात उतरत नाही. काही घराणी आजही उत्तम वाइनसाठी लागारच वापरतात.

चाखायला बसण्याआधी काय तयारी करावी?

तापमान सांभाळा. आपल्याकडच्या घरात रेड वाइन तशीच उघडली तर ती तीस अंशांवर असते आणि अल्कोहोलखेरीज काहीच नाकाला जाणवत नाही. दोरूच्या वाइनमध्ये अल्कोहोल साधारण साडेतेरा ते पंधरा टक्के असतं, त्यामुळे हा धोका जास्त. बाटली दीड-दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. सोळा ते अठरा अंश असावेत. उन्हाळ्यात थोडी आणखी थंड ओतली तरी चालते, ग्लासात तिचं तापमान चढतंच.

ग्लास पातळ काचेचा, पोट रुंद आणि तोंड थोडं निमुळतं. वाइन कोवळी असेल तर तासभर आधी काचेच्या मोठ्या भांड्यात ओतून ठेवा. दहा वर्षांपुढची असेल तर बाटली आदल्या दिवसापासून उभी ठेवा, गाळ खाली बसू द्या आणि हलक्या हाताने ओता.

चाखण्यापुरतं पन्नास मिलिलिटर पुरे. एका बाटलीत चौदा-पंधरा जणांचं भागतं. खोलीत अत्तर, उदबत्ती आणि फोडणीचा वास नको. तोंड धुवायला साधं पाणी ठेवा, आणि थुंकायला भांडं. एकाहून जास्त वाइन चाखायच्या असतील तर थुंकणं शिष्टाचाराला धरूनच आहे. व्यवसायातले सगळे तेच करतात.

प्रत्यक्ष चाखायचं कसं?

एकाच वाणाची वाइन चाखताना आपण त्या वाणाची ओळखीची खूण शोधतो. इथे तसं केलं तर निराशा होते. मी सुचवतो तो क्रम असा.

आधी ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा. मधला रंग किती गडद आहे आणि कडेला कुठली छटा आहे, एवढंच बघा. जांभळी कड तारुण्याची, विटकरी कड वयाची. रंग गडद म्हणजे वाइन उत्तम असं मुळीच नाही. रुफेत आणि बाश्तार्दु जास्त असलेल्या बागेची वाइन फिकट असूनही अप्रतिम असू शकते.

मग ग्लास न हलवता वास घ्या. वर येणारे हलके सुगंध, म्हणजे फुलं, लिंबाची साल, ताजी फळं, याच वेळी कळतात. आता ग्लास फिरवा आणि पुन्हा घ्या. काळी फळं, मसाले, सुकी पानं, लाकडी पिंपातून आलेला व्हॅनिला आणि धूर आता पुढे येतो. दोरूच्या डोंगरांवर एश्तेवा नावाचं चिकट पानांचं झुडूप माजलेलं असतं, त्याच्या राळेसारख्या वासाचा उल्लेख तिथले लोक वाइनबद्दल बोलताना आवर्जून करतात. आपल्या नाकाकडे तो वास साठवलेला नसतो. तुम्हाला जांभूळ, करवंद, तुती, कापूर, वाळा आठवला तर तेच लिहा. परदेशी पुस्तकातल्या फळांची नावं पाठ करून लिहिलेली नोंद मला कधीच पटत नाही.

घोट लहान घ्या आणि तोंडात सगळीकडे फिरू द्या. आता चवींपेक्षा घडणीकडे लक्ष द्या. लाळ किती सुटते ते बघा, तो आंबटपणा. हिरड्या आणि गाल किती आक्रसतात ते बघा, तो तुरटपणा. तो रेशमी आहे, खडूसारखा पूड-पूड आहे, की कच्च्या सुपारीसारखा ओढून धरणारा? घशात ऊब किती राहते, ते अल्कोहोल. आणि या तिन्हींपैकी कुणी एकटं पुढे पळतं आहे का?

मिश्र बागेच्या वाइनचं खरं वैशिष्ट्य पुढच्या मिनिटाभरात कळतं. घोट गिळा किंवा थुंका आणि थांबा. चांगल्या वाइनमध्ये चव एकदम विझत नाही. आधी फळ जातं, मग मसाला राहतो, मग एखादा फुलांचा सुगंध नाकातून मागच्या बाजूने परत येतो. एक वाण मागे पडला की दुसरा पुढे येतो. ग्लास तसाच ठेवून वीस मिनिटांनी पुन्हा चाखा, आणि तासाने पुन्हा. माझ्या नोंदींत मी प्रत्येक वाइनच्या तीन वेळा वेगळ्या लिहितो, कारण पहिल्या घोटाची नोंद अशा वाइनबद्दल फारच थोडं सांगते.

मिश्रणातले वाण वेगवेगळे ओळखता येतील का?

तीस वाणांच्या मिश्रणात नाही. तिथले मुरलेले वाइनमेकरही तसा दावा करत नाहीत. तुरिगा नासिओनालचा फुलांचा सुगंध किंवा सोझांवची धार कधी कधी हाताला लागते, तेवढंच. ओळखण्याची हौस असेल तर आधी एकट्या तुरिगा नासिओनालची बाटली चाखा, मग तीन-चार वाणांची साधी दोरू, आणि शेवटी जुन्या बागेची. या क्रमाने गेलं की भर कुठे पडली ते जाणवतं.

दगडाची चव लागते म्हणतात, ती खरी का?

शिस्टचे कण मुळांतून द्राक्षात येत नाहीत आणि खडकाला तशी चवही नसते. जमीन जे करते ते आडमार्गाने करते. पाणी झटकन निचरून जातं, वेलीला ताण पडतो, मणी लहान राहतात आणि रसाच्या मानाने साल वाढते. दिवसभर तापलेला खडक रात्रीही ऊब देतो. ओल्या दगडासारखा किंवा गारगोटी घासल्यासारखा वास जाणवत असेल तर जरूर लिहा, तो अनुभव खोटा नाही. फक्त तो खडकातून उचलून आणलेला आहे असं समजू नका.

मिश्रणाचा सराव घरी करता येईल?

येतो, आणि त्यासाठी पोर्तुगालची बाटली लागत नाही. नाशिकची शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों आणि टेंप्रानिओ, किंवा सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजकडची सांजोव्हेजे घ्या. औषधाच्या दुकानात मिळणारं मिलिलिटरच्या खुणांचं मापाचं भांडं घ्या. पहिल्या ग्लासात सगळ्यात आवडलेली वाइन शंभर मिलिलिटर, दुसऱ्यात तीच नव्वद आणि दुसरी एखादी दहा, तिसऱ्यात सत्तर-तीस. कुणीतरी ग्लासांच्या खाली चिठ्ठ्या लावाव्यात आणि तुम्ही न बघता चाखावं. दहा टक्क्यांनी केवढा फरक पडतो हे बघून बहुतेकांना नवल वाटतं. तुरट वाइनमध्ये आंबट वाइन मिसळली की तुरटपणा आणखी टोचतो, आणि मऊ, फळांनी भरलेली वाइन थोडी घातली की तो झाकला जातो, हे पुस्तक वाचून कळतं तरी जिभेला पटायला स्वतःच मिसळावं लागतं. एकत्र आंबवण्याची सर याला येणार नाही, पण कान तयार करावा तशी जीभ तयार होते.

ही पोर्ट वाइन आहे का? आणि गोव्यात मिळते ती पोर्ट?

द्राक्षं तीच, बागाही पुष्कळदा त्याच. पोर्ट बनवताना आंबवण अर्ध्यावर असताना ७७ टक्के अल्कोहोलचं द्राक्षांचं मद्य ओततात. यीस्ट मरतं, साखर उरते, आणि वाइन गोड आणि एकोणीस ते बावीस टक्क्यांची होते. आपण ज्या वाइनबद्दल बोलतो आहोत ती पूर्ण आंबवलेली, कोरडी, म्हणजे गोडी न उरलेली. दोरूत शतकानुशतकं मान पोर्टला होता. कोरड्या वाइनची प्रतिष्ठा वाढली ती १९५२ साली फर्नांदु निकोलाउ द आल्मेदा यांनी फेरैरा घराण्यासाठी बार्का व्हेल्या ही वाइन बनवली तिथपासून. आडरानात वीज नव्हती, आंबवणाची उष्णता आवरायला किनाऱ्याकडून बर्फ मागवावा लागे. पूर्णपणे कोरड्या वाइनला दोरूचं नाव कायद्याने लावता येऊ लागलं ते १९८२ पासून.

गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमल होता, आणि तिथे आजही लग्नाच्या टोस्टला, सणाला लाल गोड 'पोर्ट वाइन' ओततात. ती स्थानिक गोड वाइन आहे. युरोपात पोर्ट हे नाव फक्त दोरूच्या वाइनला लावता येतं. गोव्याच्या वाइनला स्वतःची जागा आहे, घराघरातल्या आठवणी आहेत. पण तिच्यावरून दोरूचा अंदाज बांधू नये.

लेबलवर काय बघावं?

'डीओसी दोरू' (DOC Douro), म्हणजे हद्द ठरलेल्या प्रदेशाची वाइन असल्याचा दर्जा, आणि पोर्ट व दोरू वाइन संस्थेचा कागदी शिक्का. 'तिंतु' म्हणजे लाल, 'किंता' म्हणजे बागेसह वाडा, 'विन्याश व्हेल्याश' म्हणजे जुन्या वेली. मागच्या लेबलवर वाणांच्या नावांऐवजी 'जुन्या बागेतले मिश्र वाण' अशा अर्थाचं काही असेल तर तुम्हाला हवी ती बाटली सापडली. किंता दु क्राश्तुची विन्याश व्हेल्याश आणि वाइन अँड सोल यांची पिंताश ही या प्रकारची नावाजलेली उदाहरणं. भारतात आयात शुल्कामुळे किंमत बरीच चढते, म्हणून चार-सहा जणांनी मिळून एक बाटली घेणं शहाणपणाचं.

जेवणात काय द्यावं?

तिखट टाळा. मिरचीचा जाळ आणि टॅनिन एकत्र आले की तोंड नुसतं पेटतं आणि सगळे सुगंध हरवतात. चरबी आणि प्रथिनं मात्र तुरटपणा मऊ करतात. कोल्हापूरचा पांढरा रस्सा, खोबऱ्यात परतलेलं कमी तिखटाचं सुकं मटण, भाजलेला बोकडाचा खांदा छान जमतात. गोव्याचं चोरीस पावात घालून, बटाट्याबरोबर सौम्य करून दिलं तर उत्तम. त्यातल्या व्हिनेगरला या वाइनचा आंबटपणा पुरून उरतो. शाकाहारात चुलीवरच्या वांग्याचं भरीत, कच्चा कांदा वगळून. भाजलेल्या वांग्याचा धुरकटपणा आणि पिंपाचा धूर यांचं जमतं. अळंबीही चालतात. गोड पदार्थ नकोत, त्यांच्यासमोर कोरडी वाइन आंबट आणि पोकळ वाटते.

वास विचित्र आला तर वाइन बिघडली समजायची का?

ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट तळघराचा वास आला आणि फळ कुठेच नसेल तर बुचाचा दोष. ती बाटली परत करावी. नेलपॉलिश किंवा व्हिनेगरसारखा झणका जोरात असेल तरीही तेच. तबेल्याचा, चामड्याचा वास ब्रेटॅनोमायसिस या यीस्टमुळे येतो. तो थोडा असेल तर काहींना आवडतो. मला तो मिश्र बागेच्या वाइनमध्ये खटकतो, कारण वेगवेगळ्या वाणांनी आणलेलं सगळं तो एकाच वासाखाली गाडून टाकतो. तळाशी गाळ किंवा बुचाला लागलेले चकचकीत खडे मात्र निरुपद्रवी. ते टार्टारिक आम्लाचे क्षार असतात.

वाइन शाकाहारी असते का?

नेहमी नाही. वाइन नितळ करताना अंड्यातला पांढरा बलक, दुधातलं केसीन, जिलेटिन किंवा माशापासून मिळणारा पदार्थ वापरला जातो. तो गाळाबरोबर खाली बसतो, पण वापरलेला असतो. काही जण बेंटोनाइट माती वापरतात किंवा काहीच वापरत नाहीत. शंका असेल तर उत्पादकाच्या संकेतस्थळावर 'व्हीगन' खूण शोधा.

जुन्या मिश्र बागा कमी का झाल्या?

जुआंव निकोलाउ द आल्मेदा (बार्का व्हेल्या बनवणाऱ्यांचे चिरंजीव) आणि जोझे आंतोनियु रोझाश यांनी वाण वेगळे करून अभ्यासले आणि १९८१ मध्ये पाच वाणांची शिफारस पुढे आली : तुरिगा नासिओनाल, तुरिगा फ्रांका, तिंता रोरिश, तिंता बारोका, तिंतु कांव. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने मोठी नवी लागवड झाली ती याच पाचांची, वाणवार वेगळ्या पट्ट्यांत. अभ्यास भक्कम होता आणि वाइनचा दर्जाही सुधारला. पण सोझांव, तिंता फ्रांसिस्का, रुफेत यांना त्या यादीत जागा नव्हती, आणि जुन्या बागा उत्पन्न थोडं देतात, यंत्र त्यांत शिरत नाही, मजूर मिळत नाहीत. अशा बागा उपटल्या गेल्या. आता उन्हाळे तापू लागल्यावर त्याच सोझांवच्या आंबटपणाची गरज भासू लागली आहे आणि काही उत्पादक तो मुद्दाम लावत आहेत. माझं ठाम मत आहे की उरलेली प्रत्येक जुनी बाग राखायला हवी. आज बिनकामाचा वाटणारा वाण वीस वर्षांनी लागणार नाही, असं छातीठोकपणे कुणाला सांगता येईल?

असं मिश्रण आणखी कुठे चाखता येतं?

दक्षिण फ्रान्सच्या शातोनफ-दु-पापमध्ये तेरा वाणांना परवानगी आहे (रंगभेद मोजले तर अठरा). इटलीच्या व्हेरोनाजवळ कोर्व्हिना, कोर्व्हिनोने, रोंदिनेल्ला मिळून व्हाल्पोलिचेल्ला होते. व्हिएन्नात एकत्र लावून एकत्र आंबवलेली गेमिश्टर झात्स ही पांढरी वाइन मिळते, तिच्यात किमान तीन वाण लागतात.

उघडलेली बाटली किती दिवस टिकते?

बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस. दुसऱ्या दिवशी बाहेर काढून अर्धा तास थांबा आणि पुन्हा चाखा. कोवळी, भक्कम दोरू पुष्कळदा दुसऱ्या दिवशी जास्त मोकळी लागते; जुनी, नाजूक असेल ती मात्र त्याच संध्याकाळी संपवावी. चौथ्या दिवशी उरलेली मटणाच्या मॅरिनेडमध्ये घाला, लसूण आणि तमालपत्रासोबत.